खोट्या विंचवाचे कूळ



दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. आगरला आमच्या घरी माळ्यावर एक लोखंडी पेटी आहे. तीत संघटनेची जुनी पावतीपुस्तके, हजेरीपत्रके आणि कज्ज्यांचे कागद बांधून ठेवलेले आहेत. एका दिवंगत सभासदाच्या मुलाला वडिलांच्या नोकरीचा पुरावा हवा होता, म्हणून ती पेटी खाली उतरवली. पावतीपुस्तक उघडले तो त्याच्या शिवणीतून तांदळाच्या कणीएवढा तांबूस जीव बाहेर आला आणि दोन चिमटे पुढे पसरून कागदावरून सावकाश चालू लागला. शेजारी बसलेल्या आमच्या तरुण कार्यकर्त्याने ‘विंचवाचे पिल्लू’ म्हणून चप्पल उचलली. आम्ही त्याचा हात धरला. कारण चिमटे विंचवाचे असले तरी शेपटी नव्हती. बोट जवळ नेले तसा तो प्राणी उलट्या पावली झपाट्याने मागे सरला आणि पुन्हा शिवणीत शिरला.

आम्हांला शास्त्राचे रीतसर शिक्षण नाही. जे थोडे कळते ते दिवसाचे काम आटोपल्यावर वाचून मिळवलेले आहे. या प्राण्याने मात्र आमच्या पुष्कळ रात्री घेतल्या. त्याचे इंग्रजी आणि लॅटिन नाव ‘खोटा विंचू’ अशा अर्थाचे आहे, तेव्हा आपणही तूर्त तेच नाव चालवू. त्याला शेपटीची नांगी नाही, तो माणसाला काही करू शकत नाही. त्याचे थोडे विष असते ते पुढच्या चिमट्यांत. (मराठीत विंचवाचा डंख ती नांगी आणि खेकड्याचा चिमटा तीही नांगी, हा प्राणी विंचवाची नांगी नसलेला आणि खेकड्याची नांगी असलेला असा आहे.) कागदात आणि धान्यात होणारी बारीक कीड तो चिमट्यात धरतो, तिच्या अंगात पाचक रस सोडतो आणि तिचे पाणी करून शोषून घेतो. म्हणजे आमच्या पावत्या कसरीने खाऊ नयेत म्हणून तो बिनपगारी पहारा करीत होता आणि आम्ही त्याला चप्पल दाखवीत होतो.

वह्यापुस्तकांशी याचा संबंध फार जुना आहे. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, पुस्तकांत काही फार बारीक जीव आढळतात आणि त्यांतले काही शेपटी नसलेल्या विंचवासारखे असतात. पुढे इंग्लंडात रॉबर्ट हूक हा सप्टेंबर महिन्यात एके दिवशी वाचीत बसला असता पुस्तकावरून असाच एक जीव हळूहळू चालताना त्याने पाहिला. हूकजवळ सूक्ष्मदर्शक होते. १६६५ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने या खेकड्यासारख्या किड्याचे वर्णन केले आणि चित्रही दिले. ग्रीस, लंडन आणि डहाणूजवळचे आगर, तिन्ही ठिकाणी ओळख झाली ती वाचणाऱ्या माणसाच्या हाताखालच्या कागदावर. हे ध्यानात ठेवावे. कारण माणूस जेथे पाहत बसलेला असतो तेथेच त्याला प्राणी सापडतो, या साध्या गोष्टीने पुढे या प्राण्याच्या साऱ्या इतिहासाला वळण दिले आहे.

नाव पाहिले, आता कूळ. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत कुल असे लिहितात. जाती, तिच्यावर वंश, त्यावर कुल, त्यावर गण अशी ती उतरंड असते. आम्ही मुद्दाम कूळ म्हणतो. या तालुक्यांत कूळ हा शब्द उच्चारला की माणसाला प्राणी आठवत नाहीत, सातबारा आठवतो. १९४५ च्या मे महिन्यात झरीच्या सभेत वारली शेतकरी वेठीविरुद्ध उभे राहिले. त्यापूर्वी लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी माणूस ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराच्या घरी राबे, आणि त्याची बायकोही त्याच्यामागून राबे. तो जमीन कसत होता, पण कसणारा म्हणून त्याची नोंद नव्हती. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि तेव्हा सगळा प्रश्न एवढाच उरला की कागदावर कूळ म्हणून नाव लागले आहे की नाही. ज्याचे लागले तो मालक होऊ शकला. ज्याचे लागले नाही तो त्याच बांधावर मजूर राहिला. तेव्हा कुणाला कोणत्या रकान्यात घालावे हा कारकुनी खेळ आहे असे आम्ही कधीच मानले नाही, आणि प्राण्यांच्या बाबतीतही मानीत नाही.

खोट्या विंचवाची नोंद प्रथम चुकीच्या रकान्यात झाली. स्वीडनच्या लिनीयसने १७५८ साली सर्व प्राण्यांना दोन शब्दी नावे देण्याची जी पद्धत घालून दिली, तीत आपल्या पुस्तकातल्या विंचवाला त्याने ‘अकॅरस’ या वंशात बसवले, म्हणजे गोचिडीच्या गोतात. त्याचे जातिनाम ‘कॅन्क्रॉइडिस’, अर्थात खेकड्यासारखा. चारच वर्षांनी, १७६२ मध्ये, पॅरिसच्या जॉफ्र्वाने त्याला गोचिडीतून काढून ‘चेलिफर’ असा स्वतंत्र वंश दिला. चेलिफर म्हणजे चिमटेवाला. १७७८ मध्ये स्वीडनच्याच द गेरने या साऱ्या मंडळींचा निराळा गण मानला आणि ‘खोटे विंचू’ हे नाव त्या गणाला कायमचे चिकटले. मग १८२७ साली नीस शहरातल्या रिसो नावाच्या औषधविक्रेत्याने चेलिफरवरून ‘चेलिफेरिडी’ हे कूळ स्थापले. आजचे आमचे बोलणे मुख्यतः याच कुळाविषयी आहे. हा रिसो मासे, खेकडे, लिंबू-संत्र्यांच्या जाती, जे जे आपल्या किनाऱ्यावर दिसेल ते लिहून ठेवणारा माणूस. दुकान सांभाळून त्याने हे केले, म्हणून आम्हांला त्याच्याविषयी थोडी आपुलकी वाटते.

कूळ स्थापणे सोपे, त्याची हद्द आखणे कठीण. एकोणिसाव्या शतकात वाटणीचे माप होते डोळे. चार डोळे असतील तो एका घरचा, दोन असतील तो चेलिफरच्या घरचा, आणि डोळे नसतील तो ‘चेर्नेस’च्या घरचा. माप सोपे, भिंगातून दिसणारे. परंतु साल बदलले की नाप्याचा काठ बदलावा तसे झाले. अंधाऱ्या जागी राहणाऱ्यांचे डोळे पुसट होत जातात, मग निरनिराळ्या घरचे आंधळे एका घरात आणि एकाच घरची भावंडे दोन घरांत पडू लागली. राहणीमुळे आलेले साम्य आणि रक्ताचे नाते यांतला फरक डोळ्यांवरून कळेना.

ही मोजणी नव्याने केली ती दोघा माणसांनी, जवळजवळ एकाच वेळी आणि एकमेकांपासून हजारो कोस दूर. अमेरिकेत जोसेफ चेंबरलिन आणि व्हिएन्नात माक्स बायर. चेंबरलिनचा मोठा निबंध १९३१ चा, बायरचे दोन जाड ग्रंथ १९३२ चे. चेंबरलिन सरकारी शेतकी खात्यात पिकांवरच्या किडींचे काम करी, आणि तरुणपणी, १९२३ साली, त्याने लाखेच्या किड्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला होता, ज्या लाखेवर आपल्या देशात कितीतरी आदिवासी कुटुंबांचे पोट चालत आले आहे. खोटे विंचू हे त्याचे वेतनाचे काम नव्हते. बायर मात्र संग्रहालयातला. जगभरून बाटल्या त्याच्या टेबलावर येत आणि तो नावे देई.

या दोघांनी डोळे सोडून चिमट्याकडे पाहिले. चिमट्याच्या दोन बोटांवर लांब, ताठ, अतिशय नाजूक केस असतात. हवेतली हालचाल त्यांना कळते. पूर्ण वाढलेल्या चेलिफराच्या अचल बोटावर असे आठ केस आणि चल बोटावर चार, मिळून बारा. हा प्राणी अंड्यातून निघाल्यावर तीन अवस्थांतून जातो आणि दर वेळी कात टाकण्यासाठी रेशमाची बंद खोली विणून तीत बसतो. पहिल्या अवस्थेत केस तीन आणि एक, दुसऱ्या अवस्थेत सहा आणि दोन, तिसऱ्या अवस्थेत सात आणि तीन. तेव्हा हजेरीपत्रकावरून नोकरीची वर्षे मोजावीत तसे केसांवरून वय मोजता येते. पण चेंबरलिनने यापुढे जाऊन प्रत्येक केसाच्या जागेला नाव दिले, आणि कोणता केस कोणाच्या शेजारी आहे यावरून वंश ओळखण्याची रीत घालून दिली. राहणी बदलली तरी या केसांच्या जागा सहसा हलत नाहीत.

दुसरी खूण विषाची. पुस्तकातल्या विंचवाच्या जवळच्या नात्यात चार कुळे मानतात. त्यांतल्या ॲटेम्निडी कुळात विष फक्त अचल बोटात, चेर्नेटिडी कुळात फक्त चल बोटात, आणि चेलिफेरिडी व विथिइडी या दोन कुळांत दोन्ही बोटांत. एवढ्याशा चिमट्याच्या टोकाशी विषाची नळी कोणत्या बाजूला उघडते हे पाहायला मोठे सूक्ष्मदर्शक लागते, पण एकदा पाहिले की वाद मिटतो. निदान तीन घरांपुरता मिटतो.

चौथ्याचा मिटत नाही, कारण विथिइडी हे घर बराच काळ चेलिफेरिडीचीच एक खोली होते. चेंबरलिनने ते उपकूळ म्हणून मांडले. पीटर वायगोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९७० मध्ये ते वेगळे कूळ म्हणून काढले, आणि कारण दाखवले ते मीलनाच्या रीतीचे. चेलिफेरिडीच्या बहुतेक नरांना पोटाखाली मेंढ्याच्या शिंगांसारखे दोन लांब अवयव असतात. एरवी ते आत असतात, मादीपुढे आला की नर ते बाहेर काढतो आणि अंग थरथरवीत पुढेमागे नाचतो. मग तो जमिनीवर बीजाची एक उभी दांडी ठेवतो, मादीला तिच्यावर आणतो आणि पुढच्या पायांनी बीज तिच्या अंगात जाण्यास मदत करतो. त्या कामासाठी त्याच्या पुढच्या पायांच्या नख्याही निराळ्या घडलेल्या असतात. विथिइडीच्या नराला ही शिंगे नाहीत, उलट पोटाच्या पट्ट्यांवर ग्रंथींच्या केसांचे ठिपके असतात. तेव्हा वेगळे घर मागायला आधार होता. विथिइडी हे नाव विथियस या वंशावरून आले, आणि विथियस हे नाव डेन्मार्कच्या कार्ल विथवरून. हा विथ डॉक्टर होता. त्याच्याकडे आपल्याला आता यायचेच आहे.

कूळ ठरले की पुढचा प्रश्न वस्तीचा. चेलिफेरिडी कुळात आज साठच्या आसपास वंश आणि तीनशेच्या घरात जाती मोजतात. साऱ्या खोट्या विंचवांच्या जाती चार हजारांवर आहेत. या कुळाची दाटी भूमध्य समुद्राभोवती, मध्य आशियाकडे आणि अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेकडे दिसते, आफ्रिकेत आहे, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्याची एक निराळी, जुनी शाखा आहे. ओल्या उष्ण जंगलात मात्र चेर्नेटिडी आणि ॲटेम्निडी यांचे राज्य. आणि पुस्तकातला विंचू, चेलिफर कॅन्क्रॉइडिस, हा या साऱ्या हद्दी ओलांडून माणसाच्या मागोमाग घरे, गोठे, कोठारे आणि जहाजे यांतून जगभर गेला. त्याला पंख नाहीत. हा गण प्रवास करतो तो दुसऱ्याच्या पायाला चिमटा लावून. माशी, भुंगा, मधमाशी, जे उडेल त्याच्या पायाला धरायचे आणि नव्या जागी सोडायचे. लिनीयसने १७५८ सालीच नाव दिलेला अमेरिकेतला एक खोटा विंचू तर मोठ्या भुंग्याच्या पंखांखाली बसून एका पडलेल्या झाडावरून दुसऱ्यावर जातो. तिकीट न काढता प्रवास करणाऱ्यांत हा आमच्या लोकल गाडीतल्या मंडळींच्याही पुढचा.

परंतु हा जो नकाशा आम्ही सांगितला तो प्राण्यांचा नकाशा आहे काय? आमची समजूत अशी झाली आहे की तो पुष्कळसा पाहणाऱ्यांच्या वाटांचा नकाशा आहे. भूमध्य किनाऱ्यावर जाती जास्त दिसतात, कारण तेथे शंभर-दीडशे वर्षे कुणी ना कुणी साली उचलून पाहत आहे. हिंदुस्थानकडे पाहा. १८९९-१९०० मध्ये डेन्मार्कची एक शास्त्रीय मोहीम सयामला गेली. तिने आणलेल्या बाटल्या कोपनहेगनच्या कार्ल विथने पाहिल्या, आणि १९०६ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. आपल्या भागातील खोट्या विंचवांवरचे ते पहिले भरीव काम, आणि ते झाले सयामला जाणाऱ्या जहाजामुळे. १९१४ मध्ये नॉर्वेच्या एलिंगसेनने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले नमुने पाहून चौदा पानांचा निबंध लिहिला. त्यानंतर बरीच वर्षे येथले नमुने व्हिएन्नाला बायरकडे जात राहिले. आपल्याच देशात बसून, आपल्या माणसांनी सबंध देशाचा एकत्र आढावा घेतला तो मद्रासच्या मूर्ती आणि अनंतकृष्णन् या दोघांनी, १९७७ साली. साहजिकच त्यात दक्षिणेचे रान भरगच्च आहे. मद्रासहून तेच जवळ होते.

आमच्या किनाऱ्यावर कोण आले? जुन्या यादीत ‘मुंबई’ असे लिहिलेले दिसले की आम्ही थबकतो. १९३६ पर्यंत मुंबई इलाखा सिंधपासून कानडी मुलुखापर्यंत होता. ‘मुंबई’ या चिठ्ठीचा प्राणी कराचीचा असेल नाहीतर धारवाडचा. तुम्हा मंडळींना हे सांगावे लागू नये. झरी गाव १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यात होते. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले, झरी तलासरीकडे महाराष्ट्रात राहिले. ठाणे जिल्हा होता तो १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर झाला. एकही माणूस जागचा हलला नाही आणि पत्ता तीनदा बदलला. मग बाटलीतल्या मेलेल्या प्राण्याचा पत्ता कोण सुधारणार? आणि ‘आगर’ हे नाव तर आणखी फसवे. नारळी-पोफळीची बाग तेही आगर, मीठ पिकते तेही आगर; कोकणच्या किनाऱ्यावर ही नावे ठिकठिकाणी. तालुका लिहिला नाही तर चिठ्ठी वाया.

आणखी एक गोष्ट या याद्यांत नसते. शोधणाऱ्याचे नाव असते, नाव देणाऱ्याचे असते, पण साल उचलून देणाऱ्याचे क्वचित असते. रानात वाट दाखवणारा, पालापाचोळा चाळून देणारा, मोहोळ कोठे आहे ते सांगणारा असा कुणी तरी त्या प्रत्येक बाटलीमागे असलाच पाहिजे. विथियस विथच्या नावाने, एलिंगसेनियस एलिंगसेनच्या नावाने. आम्ही याची तक्रार करीत नाही, नोंद करतो. तक्रारी आमच्याकडे दुसऱ्या पुष्कळ आहेत.

एलिंगसेनियसवर मात्र थांबले पाहिजे, कारण येथे कुळाचा प्रश्न थेट पोटाच्या प्रश्नाला जाऊन भिडतो. चेलिफेरिडी कुळातला हा वंश चेंबरलिनने १९३२ मध्ये मांडला. याचे घर म्हणजे मधमाशांचे पोळे. आफ्रिकेत त्याच्या निरनिराळ्या जाती आहेत, आणि आपल्याकडची जाती एलिंगसेनियस इंडिकस, तीही चेंबरलिननेच त्याच वर्षी वर्णिलेली. ती आपल्या सातेरी माशीच्या पोळ्यात राहते, आणि थवा नव्या जागी निघाला की माशीच्या पायाला धरून बरोबर जाते. १९५७ मध्ये दक्षिण हिंदुस्थानातल्या तिघा अभ्यासकांनी तिच्यावर एक टिपण छापले. त्याच्या मथळ्यात म्हटले होते की ती पोळ्यांना ‘उपद्रव’ करते. पोळ्यात आठ पायांचा परका दिसला म्हणजे उपद्रवी, असे कुणालाही वाटेल. आमच्या कार्यकर्त्याने चप्पल उचलली तीही याच न्यायाने.

पण पोळ्यात खरा उपद्रव दुसऱ्याच एकाचा. गोचिडीच्या गोतातला, तांबड्या मोहरीला चेपल्यासारखा दिसणारा एक जीव, व्हॅरोआ. तो माशीला आणि तिच्या पिल्लांना चिकटून त्यांचे सत्त्व शोषतो. जावा बेटातल्या नमुन्यांवरून ऊडेमान्स या डच शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये त्याला व्हॅरोआ जेकबसोनाय असे नाव दिले. आपल्या पूर्वेकडच्या माशीने त्याच्याशी जमवून घेतले होते; ती त्याला वेचून काढते. पुढे युरोपची माशी पूर्वेकडे आणली गेली, हा जीव तिच्यावर चढला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर तिच्या वसाहती ओस पडू लागल्या. सगळीकडे शोध सुरू झाला, औषधे निघाली, आणि सर्व कागदांवर नाव एकच, जेकबसोनाय. अखेर ऑस्ट्रेलियातले अँडरसन आणि ट्रूमन यांनी २००० साली दाखवून दिले की संहार करणारा जेकबसोनाय नव्हेच. जावातला मूळ जीव युरोपी माशीवर वाढतच नव्हता. मारेकरी दुसरी जाती होती, आणि तिला त्यांनी व्हॅरोआ डिस्ट्रक्टर असे नाव दिले. शहाण्णव वर्षे दोन जाती एका नावाखाली राहिल्या. एकाचे गुन्हे दुसऱ्याच्या खात्यावर लिहिले गेले आणि एकावर केलेले प्रयोग दुसऱ्याला लावले गेले.

आता खोटा विंचू ज्या बारीक जिवांवर जगतो त्यांत माइट येतात. तेव्हा पोळ्यातला हा पाहुणा उपद्रवी की राखणदार, हा प्रश्न नव्याने विचारला गेला. न्यूझीलंडचे डोनोव्हन आणि पॉल यांनी २००५ मध्ये मधमाशीपालकांच्या नियतकालिकात या ‘विसरलेल्या उपकारकर्त्यां’विषयी लिहिले. जुन्या लाकडी आणि गवती पोळ्यांत हे असत; पेट्या गुळगुळीत झाल्या, औषधे मारली जाऊ लागली आणि त्यांची वस्ती उठली. त्यांना परत बसवावे हा त्यांचा मुद्दा. पेटीभर माइट आवरायला किती खोटे विंचू लागतील हे नीट मोजल्यावाचून आम्ही कुणाही पेटीवाल्याला औषध सोडा असे सांगणार नाही. परंतु आपल्या सातेरीच्या पोळ्यात ते जन्मापासून आहेत, आणि चिकूच्या वाड्यांत पेट्या ठेवणाऱ्या व डोंगरात मध काढणाऱ्या आमच्या वारली, कोकणा बांधवांना हे जीव रोज दिसत असतील. १९५७ च्या मथळ्यातला एक शब्द बदलायचा की नाही, हे व्हिएन्नात बसून ठरण्यासारखे नाही. ते उघड्या पोळ्यापुढे बसून ठरेल.

नात्यागोत्याचा एक शेवटचा फेरफार सांगतो. लिनीयसने याला गोचिडीत घातले होते. नंतर अनेक वर्षे जबड्याच्या घडणीवरून याचे जवळचे नातलग म्हणजे वाळवंटातले कडव्या जबड्यांचे सॉलिफ्यूगी असे मानीत. विंचवाशी साम्य हे केवळ वरवरचे, म्हणून तर ‘खोटा’. २०२१ मध्ये जनुकांचा पुष्कळ मोठा पुरावा एकत्र करून एक निबंध निघाला, आणि त्यात निष्कर्ष असा की खोट्या विंचवाचा सर्वांत जवळचा नातलग खरा विंचूच आहे. ॲरिस्टॉटलने शेपटी नसलेला विंचू म्हटले होते, ते नुसत्या डोळ्यांनी पाहून. मध्ये दोन अडीच हजार वर्षे गेली. नाव मात्र आता कुणी बदलणार नाही. कागदावर एकदा चढलेले नाव किती चिवट असते ते तलाठ्याच्या दारात उभे राहिलेल्या कुणालाही विचारावे.

आता आमच्या पेटीतल्या प्राण्याचे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सापडला. एका शिक्षकमित्राने शाळेचे सूक्ष्मदर्शक उपलब्ध करून दिले. चिमट्यावर केस बारा, म्हणजे वाढ पूर्ण झालेली. विषाची नळी दोन्ही बोटांत, म्हणजे ॲटेम्निडी नव्हे, चेर्नेटिडीही नव्हे. उरली दोन घरे, चेलिफेरिडी आणि विथिइडी. उष्ण देशांतल्या धान्यकोठारांत विथियस पायगर नावाची विथिइडीची एक जाती पुस्तकातल्या विंचवाइतकीच माणसाच्या मागून फिरते, तेव्हा दोन्ही शक्य. निर्णय सोपा करणाऱ्या खुणा, ती शिंगे, त्या नख्या, ते केसांचे ठिपके, या नराच्या. आणि आमच्या प्राण्याच्या पोटाखाली तर अंड्यांची पिशवी लोंबत होती. पिशवीसकट तिला स्पिरिटमध्ये टाकताना आम्हांला बरे वाटले नाही, हे कबूल करतो.

बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घातली आहे, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. आगर, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, महाराष्ट्र. लोखंडी पेटीतील पावतीपुस्तकाच्या शिवणीत. मादी एक, अंड्यांसह. सापडणाराचे नाव म्हणून आम्ही त्या चप्पल उचलणाऱ्या कार्यकर्त्याचे नाव लिहिले, कारण प्रथम पाहिली ती त्याने. कुळाचा रकाना तूर्त कोरा ठेवला आहे. पेटी आम्ही हल्ली महिन्यातून एकदा उतरवतो.